टोपलीविषयी दोन शब्द

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका आदरणीय सुमित्राबाई बोपचे, गोरेगावहून मोटारसायकलने धूळ खात आलेले केंद्रप्रमुख हेमेंद्र टेंभरे साहेब, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष लखनलालजी, आजच्या सत्कारमूर्ती छात्राध्यापिका कुमारी योगेश्वरी मॅडम, आपल्या टोल्यावरच्या वस्तीतले समस्त पालक, माताभगिनी, आणि समोरच्या चटईवर शांत बसल्याचं सोंग घेतलेल्या माझ्या बालमित्रांनो,

सुरुवातीलाच एक शंका बोलून टाकतो. कार्यक्रमाच्या यादीत माझं नाव सहावं होतं. आज सकाळी पाहतो तर दुसरं. सुमित्राबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "गुरुजी, दोनच शब्द बोला, पण पोटातले बोला." सुमित्राबाई उगाच काही बोलत नाहीत. हा माईकसुद्धा त्यांनीच मागवला. एवढ्याशा व्हरांड्यात माईक कशाला? माझा आवाज तर बसथांब्यापर्यंत जातो. म्हणजे मी जे बोलणार ते नीट ऐकू यावं अशी कोणाची तरी इच्छा आहे. असू द्या.

मी भुवनेश्वर कटरे, पहिली-दुसरीचा शिक्षक. नोकरीला सव्वीस वर्षं झाली, त्यातली चौदा याच शाळेत. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. शाळा सुटली की मी कुलूप लावतो, तीनदा ओढून पाहतो आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन चौथ्यांदा ओढतो. घरचे म्हणतात, तुम्हाला आरशातल्या माणसाचाही भरवसा नाही. खरं आहे. त्याच्याविषयीही आज बोलणार आहे.

सत्कारमूर्तींना शाल दिली, श्रीफळ दिलं, मुलींनी पळसाची फुलं दिली. छान झालं. पण अकरा आठवडे इथे शिकवल्याबद्दल त्यांच्या अध्यापक विद्यालयाकडून जे प्रमाणपत्र मिळायला हवं, ते त्यांच्या हातात नाही. त्याच्याशिवाय त्यांना परीक्षेला बसता येत नाही, आणि परीक्षेशिवाय त्या शिक्षिका होत नाहीत. ते प्रमाणपत्र माझ्यामुळे अडलं आहे. तुमच्या पोरांनी घरी येऊन काहीबाही सांगितलंच असेल. आता खरं काय ते माझ्या तोंडून ऐका.

डिसेंबरातली गोष्ट. दिवाळीनंतरच्या मंडया, गावोगावच्या जत्रा, आटोपल्या होत्या. सकाळच्या एसटीतून ही मुलगी उतरली. सालेकसाकडची. खांद्याला पिशवी, आणि कमरेवर बांबूची टोपली, आपण मोहा वेचायला नेतो तसली. मी फाटकात उभा. म्हटलं, "मॅडम, शाळेत मोहा वेचायला आलात का?" तर हसून म्हणते, "नाई जी गुरुजी, कागद वेचाले आली." आता सांगा, पहिल्या दिवशी पहिल्या वाक्याला जी मुलगी असं उत्तर देते, तिच्यावर लक्ष ठेवायला नको?

आमच्याकडे शैक्षणिक साहित्य नाही असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. कपाट भरलेलं आहे. अक्षरांचे तक्ते, चित्रांची कार्डं, रंगीत गोष्टींची पुस्तकं. सगळं नवंकोरं. नवंकोरं कसं राहिलं? कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्याकडे. पोरं पानं फाडतात, मग वरून विचारणा होते. मॅडमनी किल्ली मागितली. मी म्हटलं, लेखी अर्ज द्या. त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिला. इतक्या तत्परतेने कोणी अर्ज देतं का हो? मला वाटलं, ही माझ्याविरुद्ध कागद जमवते आहे. मी किल्ली दिली नाही. तारीख पाहून सांगतो म्हटलं. अजून पाहतोच आहे.

मग त्यांनी टोपली काढली. काय नव्हतं त्या टोपलीत! बिस्किटाच्या पुड्यांचे कागद, धानाच्या बियाण्याच्या पिशवीचा तुकडा, मलमाची खोकी, एसटीची तिकिटं, कचारगडच्या यात्रेचं पत्रक, मंडईतल्या नाटकाची जाहिरात, आणि लग्नपत्रिका तर ढीगभर. वर्गाला नियम सांगितला: अक्षर असलेला कागद खाली दिसला की उचलायचा, झटकायचा आणि टोपलीत टाकायचा. रोज परिपाठाला, म्हणजे प्रार्थनेनंतर, एकेकाने टोपलीत हात घालायचा आणि जो कागद येईल तो सगळ्यांसमोर वाचायचा. शब्द मोठा आला की टाळ्या वाजवून त्याचे तुकडे करायचे. "मु-र-मु-रे", चार टाळ्या. "बि-या-णे", तीन टाळ्या. माझ्या वर्गात चौदा वर्षांत जितक्या टाळ्या वाजल्या नाहीत, तितक्या त्या एका आठवड्यात वाजल्या. मला त्या टाळ्या कानात टोचत होत्या, हे मी मोकळेपणी कबूल करतो.

इथवरही मी गप्प होतो. पण मग त्यांनी वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची. सकाळी एकेका लेकराला जवळ घ्यायचं आणि विचारायचं, "काल घरी काय झाला?" पोरगं सांगेल ते त्याच्याच बोलीत वहीत उतरवायचं. "माह्या मायनं बरबटीची भाजी केलन." "आमची बकरी हरपली अना सापडली." संध्याकाळी तेच वाक्य मोठ्या अक्षरात कागदाच्या पट्टीवर लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी पोरानं स्वतःचंच बोलणं वाचायचं. हे मला आज कळतं. तेव्हा मी फक्त एवढंच पाहिलं, की बाहेरून आलेली एक मुलगी घरोघरची माहिती लिहून घेऊन राहिली आहे.

आणि मी एकटाच संशयी होतो का? लखनलालजी, रागावू नका, तुमचं नाव घेतो. तुमच्या नातीने वहीत काय लिहवून घेतलं ते आठवतं ना? कोणाच्या अंगणात काय शिजते, ते मी इथे बोलणार नाही, साहेब बसलेत. पण दुसऱ्याच दिवशी तुम्ही माझ्याकडे आलात. "गुरुजी, थे बाई काऊन लिहून राहिली सब? कोणं पाठवलन तिले? रेशनचा सर्व्हे होय का पोलिसचा?" तुमच्या मागे आणखी चार जण आले. आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. माझ्या एकट्याच्या मनात होतं ते आता गावाच्या मनात आलं होतं.

मग मी चौकशी सुरू केली. मधल्या सुट्टीत टोपली उपसून पाहिली. देवकाबाईंना, म्हणजे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या आणि वर्ग झाडणाऱ्या आपल्या देवकाबाईंना, म्हटलं, जरा नजर ठेवा. त्या म्हणाल्या, "मी खिचडीवर नजर ठेवू का तिच्यावर?" देवकाबाईंची मुलगी तुलसा माझ्याच वर्गात, दुसरीला. तिला बोलावून मलमाचं खोकं पुढे केलं. तिने खडाखडा वाचलं. मी मनात म्हटलं, पाठ करून घेतलंय. दुसरं खोकं दिलं, तेही वाचलं. म्हटलं, हेही पाठ करून घेतलंय! मला दुसरं काही सुचतच नव्हतं. का सुचत नव्हतं, ते सांगण्यासाठीच मी उभा आहे, पण थोडं पाणी पितो.

तर फेब्रुवारीत मॅडम दोन दिवस विद्यालयाच्या बैठकीसाठी गोंदियाला गेल्या. गुरुवार आणि शुक्रवार. ही संधी साधून मी गुरुवारी शाळा सुटल्यावर वर्गाचं दार लावलं आणि त्यांच्या प्राचार्यांना तक्रार लिहिली. आधी जुन्या प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर कच्चं, मग पक्कं. शुक्रवारी रजा टाकली, स्वतः गोंदियाला जाऊन अर्ज दिला, पोच घेतली, शिक्का नीट उमटला की नाही ते उजेडात धरून पाहिलं. त्या दिवशी मला सगळ्या गोष्टींची काळजी होती. एक कच्चा कागद सोडून.

तो हजेरीपटाखाली राहिला होता. माझ्या जागी सुमित्राबाईंनी हजेरी घेतली, पट उचलला, कागद खाली पडला. दुपारी देवकाबाई झाडायला आल्या. त्यांना वाचता येत नाही. पण मॅडमनी त्यांना सांगून ठेवलं होतं, अक्षराचा कागद फेकायचा नाही. त्यांनी तो उचलला, झटकला आणि टोपलीत टाकला.

शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थना झाली. टोपली आली. त्या दिवशी पाळी तुलसाची. तिने हात घातला, कागद काढला, उलगडला, आणि वाचायला लागली. "प्रति, माननीय प्राचार्य." मी समोरच उभा. आधी माझ्या लक्षातच आलं नाही. मला वाटलं, असेल कोणाचा तरी अर्ज. "विषय, छात्राध्यापिका कुमारी योगेश्वरी यांच्या" आणि इथे ती अडली. मोठा शब्द होता. मग नियमाप्रमाणे सगळी शाळा मदतीला धावली. चाळीस लेकरांनी टाळ्या वाजवल्या. "सं-श-या-स्प-द." पाच टाळ्या. "संशयास्पद वर्तनाबाबत." तुलसाने शब्द जोडला आणि खुशीत येऊन माझ्याकडे पाहिलं, की गुरुजी, जमला!

बाप्पा रे! कोणी तिला थांबवलं नाही. थांबवणार कोण? सुमित्राबाई हाताची घडी घालून उभ्या. तुलसा वाचत राहिली. मुलांकडून घरची माहिती काढतात. पालकांत भीती आहे. अशा व्यक्तीस शिक्षकी पेशात येऊ देणे योग्य होणार नाही. सगळं वाचलं तिने, खालच्या माझ्या सहीपर्यंत. मी मान वर केली तर फाटकात योगेश्वरी मॅडम. एसटीतून नुकत्याच उतरलेल्या, खांद्याला पिशवी. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे. त्या पुढे आल्या, तुलसाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "शाबास तुलसा. पूर्ण वाचलीस." मुलांना म्हणाल्या, "वाजवा टाळ्या." आणि वर्गात निघून गेल्या.

आणि मी कसा माणूस आहे बघा. त्या घडीलाही माझ्या डोक्यात आलं की हा यांचाच डाव असणार, पोरीला शिकवून ठेवलं असणार. मग स्वतःशीच हिशेब लावला. कागद लिहिला गुरुवारी, दार लावून. मॅडम दोन दिवस गोंदियात. आत्ता, माझ्या डोळ्यांसमोर, एसटीतून उतरल्या. शिकवणार कोण आणि कधी? मी सगळीकडून कुलूप ओढून पाहिलं. ते लागलेलंच होतं.

सुट्टी झाल्यावर तुलसाला बाजूला घेतलं. विचारलं, "खरं सांग, कोणं वाचून दाखवलं होतं?" ती म्हणाली, "कोणं नाई जी. तुमचाच अक्षर होय ना. फळ्यावरचा. तुमचा अक्षर मले लवकर येते." मग तिनेच विचारलं, "गुरुजी, मॅडमजी आता जाऊन राहिल्या का? तुमी लिहिला म्हणून?"

मित्रहो, सुरुवातीला जे सांगेन म्हटलं होतं, ते आता सांगतो. मॅडमच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट आहे. त्या मागे बसून माझा तास पाहत होत्या. मी तुलसाला पाचवा पाठ वाचायला उभं केलं. तिने पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि घडाघडा सुरू झाली. एक अक्षर चुकली नाही. पण तिच्या पुस्तकात त्या पाठाचं मधलं पान नव्हतं. बकरीने खाल्लं होतं. पोरीने पान नसतानाही ते पान वाचलं, बोट चित्रावरून फिरत होतं. मॅडमनी ते पाहिलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि त्या निळ्या वहीत काहीतरी लिहिलं.

तुम्ही म्हणाल, गुरुजींना तेव्हा धक्का बसला असेल. नाही बसला. मला माहीत होतं. पोरं वाचत नाहीत, एकसुरात पाठ म्हणतात, हे मला आज नाही, कित्येक वर्षांपासून माहीत होतं. तपासणीला कोणी आलं की मी पाठ केलेलाच धडा उघडायला लावायचो. आणि प्रगतिपुस्तकात लिहायचो, "वाचन: अस्खलित." देवकाबाई, तुलसाचं ते प्रगतिपुस्तक तुम्ही देवाच्या फोटोमागे जपून ठेवलं आहे, तुम्हीच मला कौतुकाने सांगितलं होतं. त्यातलं ते माझं वाक्य खोटं होतं. ज्या दिवशी मी ते लिहिलं, त्या दिवशी तुमच्या मुलीला स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं.

म्हणून मला त्या निळ्या वहीची भीती वाटत होती. लखनलालजी, तुम्हाला तुमच्या अंगणाची भीती होती, मला माझ्या प्रगतिपुस्तकांची. आणि म्हणून, कोणतंही पोर वाचायला लागलं की मला वाटायचं, पाठ करून घेतलंय. मी सव्वीस वर्षं तेच केलं होतं, मग दुसरं कोणी वेगळं काय करणार?

त्या वहीत माझ्याविषयी काय लिहिलं होतं, ते मी मागच्या सोमवारी विचारलं. मॅडमनी वही उघडून पुढे ठेवली. त्या तारखेखाली एकच ओळ होती. "तुलसाला गोष्ट लक्षात राहते. तिथून सुरुवात करावी." माझं नावही नव्हतं. मी दोन पानं मागे, दोन पानं पुढे चाळून पाहिली. कुठेच नव्हतं.

त्याच दिवशी मी प्राचार्यांकडे गेलो. "गैरसमजातून तक्रार झाली, मागे घेतो" असा कागद घेऊन गेलो होतो. त्यांनी तो वाचला आणि परत दिला. म्हणाले, "सव्वीस वर्षं नोकरी केलेला शिक्षक लेखी तक्रार करतो आणि महिना व्हायच्या आत गैरसमज म्हणतो? कशाचा गैरसमज, ते लिहून आणा. नाहीतर चौकशी होईल, आणि ती होईपर्यंत प्रमाणपत्र मिळणार नाही." चौकशी म्हणजे या वर्षीची परीक्षा गेली. आणि कशाचा गैरसमज हे लिहायचं, म्हणजे प्रगतिपुस्तकाचं लिहायचं. मी लिहिलं. चार दिवसांपासून तो कागद माझ्या या खिशात आहे. सही केलेली नाही. रोज सकाळी वाटायचं, आज करू. सुमित्राबाई रोज माझ्या खिशाकडे पाहायच्या. आता कळलं माझं नाव सहावरून दोनवर कसं आलं ते.

काल मॅडमना विचारलं, टोपली नेणार ना? मोहाचा हंगाम तोंडावर आला, घरी लागेल. म्हणाल्या, "नाई जी, शाळेलेच राहू द्या. मायनं दुसरी विणाले टाकलन." मी लगेच विचारलं, "काऊन?" कारण फुकट कोणी काही ठेवून जात नाही, असं मला आजवर वाटत आलं. त्या म्हणाल्या, "तुलसाचा भाऊ पुढच्या साली पहिलीत येऊन राहिला ना, गुरुजी." यावर मला काही शंका काढता आली नाही. फार प्रयत्न केला.

तर आता मी आपल्या सर्वांसमोर सही करतो. सुमित्राबाई, पेन द्या. नाही, तुमचं नको, माझंच देतो, ते चालतं याची खात्री आहे.

झाली.

ही मूळ प्रत टेंभरे साहेबांकडे देतो. साहेब, आपण आजच गोंदियाला जाणार आहात, ती प्राचार्यांच्या हातात द्या आणि पोच घ्या. यात माझ्याविषयी जे लिहिलं आहे, त्याचं आपल्याला जे करायचं ते आपण करा, मी कुठे जात नाही. ही दुसरी प्रत योगेश्वरी मॅडमना. मॅडम, वाचल्याशिवाय घेऊ नका. माझ्या कागदावर तुम्ही विश्वास ठेवावा असं मी काही केलेलं नाही. आणि ही कपाटाची किल्ली, तुमच्या अर्जावर कार्यवाही झाली असं समजा. उशीर झाला, तुमचा शेवटचा दिवस आहे, हे मला कळतं. ती तुम्ही जाताना तुलसाच्या हातात द्या.

इतका वेळ शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. अध्यक्षांचे आभार, माईकचेही. अशा भाषणाच्या शेवटी आपण म्हणतो, बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. आज बोलण्यात काही कमी-जास्त झालेलं नाही. जे झालं ते आधी झालं, आणि त्याची माफी या व्हरांड्यात मला कोणाकोणाकडे मागायची आहे ते तुमच्या पोरांची जुनी प्रगतिपुस्तकं पाहिली की कळेल. मी मागतो आहे. द्यायची की नाही, ते घाईने ठरवू नका.

या पत्राची तिसरी प्रत मी टोपलीत टाकतो आहे. सोमवारच्या परिपाठाला ज्याची पाळी असेल त्याने ती वाचावी. देवकाबाई, तुम्ही मात्र सोमवारपर्यंत थांबू नका. आज घरी गेल्यावर तुलसाकडून वाचून घ्या. अक्षर माझंच आहे. तिला लवकर येतं.